पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायला सुरुवात करायची आहे (बजेट ७० हजार, मुक्काम बारामती)

माळावरचा_मास्तर (धागाकर्ता) | १२ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बारामती तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना माळ आहे. हिवाळा लागला की तिथे पुण्या-मुंबईच्या गाड्या उभ्या दिसतात, खिडकीतून हातभर लांब लेन्स बाहेर. आम्ही रोज बघतो ती हरणं आणि 'घारी' बघायला लोक एवढ्या लांबून येतात म्हटल्यावर मलाही खाज सुटली. (घारी नाहीत त्या सर, भोवत्या म्हणजे हॅरियर नावाचे शिकारी पक्षी आहेत, हे सातवीतल्या एका पोराने मलाच शिकवलं.)

बजेट सत्तर हजार. घरी वाटाघाटी करून ठरलेला आकडा आहे, वर जाणार नाही. मोबाइलखेरीज कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. कॅमेरा कुठला, लेन्स किती मिलिमीटरची, आणि पहिल्यांदा जायचं कुठे? उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडोबा करावं म्हणतो. उत्तरं लांबलचक चालतील.

फ्रेमवाला | १२ डिसेंबर, रात्री १०:०२

मास्तर, सत्तर हजारात नवी बॉडी आणि नवी ६०० मिमी लेन्स बसत नाही, ते आधी डोक्यातून काढा.

सेकंडहँडची लाज नसेल तर मात्र दिवस चांगले आहेत. सगळे मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या पिढीच्या कॅमेऱ्यांकडे) पळताहेत, त्यामुळे उत्तम डीएसएलआर, म्हणजे आरशाचे जुने कॅमेरे, पडत्या भावात निघतात. कॅनन ७डी मार्क २ (२०१४) आणि निकॉन डी५०० (२०१६) हे त्यांच्या काळात पक्षीवाल्यांचे लाडके कॅमेरे होते, आजही कुठे कमी पडत नाहीत. दोन्ही क्रॉप (लहान) सेन्सरचे, म्हणजे ४०० मिमीची लेन्स कॅननवर ६४० सारखी आणि निकॉनवर ६०० सारखी दिसते. जोडीला सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, नाहीतर निकॉनची २००-५००. ही शेवटची २.३ किलोची आहे. दुकानात हातात घेऊन पाच मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा आणि मगच ठरवा. बॉडी आणि लेन्स मिळून बजेटच्या बाहेर जात असेल तर बॉडी आणखी जुनी घ्या, लेन्स नको.

नवंच हवं असेल तर कॅनन आर५० सारखी हलकी मिररलेस आणि किटसोबतची (बॉडीबरोबर पेटीत मिळणारी) छोटी टेलिफोटो, बजेटात बसत असेल तर. पुढे पैसे साठले की कॅननचीच आरएफ १००-४०० लेन्स. ती साडेसहाशे ग्रॅमच्या आत येते, दिवसभर गळ्यात राहिली तरी मान दुखत नाही. अंधारात लंगडी पडते, पण तुमच्याकडे माळावर उजेडाला तोटा नाही.

निकॉन पी९५० चंही नाव कोणीतरी सुचवेलच. ८३ पट झूम म्हणून लोक हुरळतात. सेन्सर मात्र नखाएवढा. उन्हात बसलेला पक्षी ओळखण्यापुरता छान येतो, उडता पक्षी पकडायला गेलात की शिव्या घालाल.

सेकंडहँड घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती फंगस (बुरशी), हात जोडून परत द्या. जवळ-लांब, जवळ-लांब असा फोकस दहावीस वेळा करून मोटरचा आवाज ऐका. आणि मूळ बिल मागा, चोरीचा माल बराच फिरतो.

शंकासूर | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

वाचतोय. माझाही हाच प्रश्न, फक्त बजेट शून्य. 😀

जुना_खंड्या | १३ डिसेंबर, सकाळी ७:४०

वरचा सगळा हिशेब बरोबर आहे, पण बैल गाडीच्या मागे बांधलाय.

मास्तर, तुम्ही ज्या रस्त्याने रोज जाता तिथे यायला आम्ही पहाटे साडेतीनला पुण्यातून निघतो. माझा सल्ला ऐकाल तर सत्तरातले सहा-सात हजार बाजूला काढा आणि ८x४२ ची दुर्बीण घ्या. पुढचे काही आठवडे नुसतं बघा. कुठला भोवत्या कुठल्या बांधावरून किती वाजता फिरतो, चिंकारा सकाळी कुठल्या उतारावर असतात, संध्याकाळी भोवत्या कुठल्या गवतात उतरतात. थंडीत मध्य आशियाकडून येतात त्या, आणि रात्रीच्या मुक्कामाला जमिनीवर गवतातच जमतात. हे तुम्हाला कळलं की ३०० मिमीमध्येही फोटो मिळेल. न कळता ६०० घेतलीत तर लांबच्या ठिपक्याचा जरा मोठा ठिपका होईल, बस.

जवळ जाण्याबद्दल. पायी माणूस दिसला की माळावरचं सगळं पळतं. उभी गाडी मात्र त्यांच्या खिजगणतीत नसते. इंजिन बंद, दार न उघडता, काचेवर शेंगदाण्याची नाहीतर ज्वारीची पिशवी ठेवून त्यावर लेन्स. बीनबॅग म्हणतात तिला, विकत घ्यायची काही गरज नाही, जुन्या पॅन्टचा पाय शिवून घ्या. गाडी पक्ष्याच्या रोखाने नेऊ नका. तिरकी, त्याच्याकडे जाणारच नाही अशा थाटात न्या, आणि मध्ये थांबा.

पक्षी काय म्हणतोय ते वाचायला शिका. पिसं साफ करत असेल, एका पायावर उभा असेल तर तो निवांत आहे. काम सोडून मान उंच करून तुमच्याकडे बघायला लागला की तुमची हद्द संपली, तिथेच थांबा. दोन मिनिटांनी तो परत कामाला लागेल, मग काय ते ठरवा. शिकारी पक्षी बहुतेकदा उडायच्या आधी शिटतो. ते दिसलं की बोट शटरवर, पुढच्या काही क्षणांत तो हवेत असतो.

आणि दहानंतर घरी जा. उन्हाने जमीन तापली की हवा लहरते. त्या लहरींतून काढलेला फोटो कितीही लाखाच्या लेन्सने काढा, मऊ, धूसरच येणार. पुष्कळ जण याच कारणापायी लेन्स सर्व्हिस सेंटरला नेतात.

फ्रेमवाला | १३ डिसेंबर, सकाळी ९:२०

खंड्याकाका, हवेच्या लहरींबद्दल शंभर टक्के. बाकी "आधी दुर्बीण" हे तुम्ही प्रत्येक धाग्यावर म्हणता आणि तुमच्या स्वतःच्या गळ्यात ६०० एफ/४ ची महागडी लेन्स असते, हेही इथे नोंदवतो.

जुना_खंड्या | १३ डिसेंबर, सकाळी ९:३१

निवृत्तीनंतर घेतली. दुर्बीण त्याआधी पंचवीस वर्षं होती.

धनगराचा_पोर | १३ डिसेंबर, दुपारी १:०५

मी इंदापूरकडचा. वर सगळे गाडीतून फोटो काढा म्हणत्यात, मला त्याच्यावरच बोलायचंय.

गाडीतनं काढा, पण गाडी वाटंवर ठेवा. शनिवार-रविवार आमच्या माळावर एसयूव्हीवाले लांडग्याच्या मागं आडव्यातिडव्या गाड्या घालत्यात. गवात पावसाळ्यात एकदाच येतं, त्यावर चाकोरी पडली का पुढच्या साली तिथं दगड वर येतो. मेंढरं काय खानार? आनि मार्चपासनं टिटव्या, पखुर्ड्या, धाविक, चंडोल, सगळी जिमिनीवर अंडी घालत्यात. घरटं म्हनजे नुसता खळगा. अंडी मातीच्या रंगाची, चालतानासुदिक दिसत न्हाईत, टायरखाली काय दिसनार.

लांडग्याचं पन तसंच. आमची मेंढरं तो नेतो, तरी आमची म्हातारी मानसं त्याला मारा म्हनत नाहीत. तुमी मात्र त्याला दमवून दमवून फोटो काढता. राग मानू नका.

माळावरचा_मास्तर | १३ डिसेंबर, दुपारी ४:५०

पोरा, राग कसला, बरं झालं लिहिलंस. आमच्याही बाजूला चाकांच्या वाटा वाढल्यात, मला वाटायचं ते ट्रॅक्टरचं काम.

वनखात्याने शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली आहे ना, तिचा काही उपयोग होतो का? ठरलेल्या वाटा आहेत आणि सोबत गावातलाच गाईड देतात, एवढं ऐकून आहे.

जुना_खंड्या | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

होतो. गाईड चांगला भेटला तर फारच. त्याच्या तोंडचे शब्द लिहून घ्या. खोकड (माळावरचा छोटा कोल्हा), तरस, सापमार गरुड ही नावं तो ज्या जागांशी जोडून सांगतो ती माहिती कुठल्या ॲपवर नसते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्यही तुम्हाला हाकेच्या अंतरावर. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा बघायला महाराष्ट्रात त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. काळवीट हवं असेल तर कर्जत तालुक्यात रेहेकुरी.

बेडकीण | १३ डिसेंबर, रात्री ११:३०

सावंतवाडीहून. इथे सगळ्यांना शिकारी पक्षी आणि वाघच हवेत म्हणून मुद्दाम लिहिते.

वाइल्डलाइफ म्हणजे ४०० मिमी, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. पावसात आंबोलीला या. पाण्यावर ओठंगलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला असतो. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं ते. पिल्लं त्यातून थेट खालच्या डबक्यात पडतात. हिरव्यागार अंगाचा बेडूक, बोटांमधला पडदा लालभडक, आणि तो तुमच्यापासून दोन हातांवर बसलेला असतो. यासाठी लागतं काय? साधी किट लेन्स, पुढे रेनॉक्स कंपनीचं अडकवायचं मॅक्रो भिंग, एक साधा फ्लॅश आणि त्यावर उजेड मऊ करणारा डिफ्यूझर. माझा डिफ्यूझर टीव्हीच्या खोक्यातल्या पांढऱ्या फोमचा आहे, टेप लावून. गमबूट मात्र चांगले घ्या आणि जळवांसाठी तंबाखूचं पाणी.

दोन गोष्टींवर मी भांडते. एक, बेडूक उचलून 'चांगल्या' पानावर ठेवायचा नाही. त्याची कातडी ओली आणि नाजूक असते, आपल्या हाताचं मीठ, डासांचं मलम सगळं तिच्यातून आत जातं. दोन, एका बेडकाभोवती आठ जणांनी आठ टॉर्च धरून उभं राहायचं नाही. चापडा (विषारी साप) असला तर आणखीच नाही, चावला तर गावातल्या दवाखान्यात धावपळ आमची होते.

फंगसचं वर आलंच आहे. कोकणात नि मुंबईत राहणाऱ्यांनी लेन्स कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली की ती गेली समजा. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि आत दीडदोनशे रुपयांचा आर्द्रता-मीटर. काटा पन्नासच्या खाली राहिला पाहिजे. सिलिकाचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर भाजून परत वापरता येतात. (तो तवा पोळ्यांना वापरू नका, नवऱ्याला सांगून ठेवा.)

शंकासूर | १४ डिसेंबर, सकाळी ८:००

मोबाइलवर काय जमेल ते सांगा ना कोणी.

बेडकीण | १४ डिसेंबर, सकाळी ८:४५

फुलपाखरं, कोळी, सरडे, मुंग्या. स्वस्तातलं क्लिप-ऑन भिंग लावून बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी बघा. लिंबू वर्गातल्या झाडांवर लाइम बटरफ्लायच्या अळ्या असतात, लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटीसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. कढीपत्ता त्यातलाच. अळी, कोश, फुलपाखरू, सगळी मालिका घरबसल्या. बजेट जवळपास शून्यच.

माळावरचा_मास्तर | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

ताई, शाळेत कढीपत्त्याची दोन झाडं आहेत. उद्याच पोरांना कामाला लावतो.

ताडोब्याबद्दल कोणीच बोललं नाही.

मोहर्ली_गेट | १५ डिसेंबर, दुपारी १२:२०

बोलतो ना सर. मी चंद्रपूरचा, सफारीत गाईड आहो.

वाघासाठी लई मोठी लेन्स लागत नाही. आमच्याकडचा वाघ रस्त्यावरून चालते, कधीकधी जिप्सीच्या इतका जवळ की ६०० वाल्यांच्या फोटोत नुसती मिशी येते. ७०-३०० पुरते. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर दिसण्याचा चान्स जास्त, पण ऊन पंचेचाळीसच्या पार. कॅमेरा टॉवेलने झाका, धूळ इतकी की रस्त्यात लेन्स बदलू नका. मंगळवारी कोर (आतलं मुख्य जंगल) बंद असते, आणि पावसाळ्यात तीन महिने. सुट्टीतलं बुकिंग लवकर करा, नाहीतर बफरच्या (बाहेरच्या पट्ट्यातल्या) गेटा बघा, त्याही वाईट नाहीत.

पण एक सांगू का? तुम्ही पहिल्यांदा येता तर कॅमेरा मांडीवर ठेवून कान उघडे ठेवा. चितळ ओरडला तर कधी बिबट असते, कधी काहीच नसते. वानर झाडावरून एका दिशेला बघून खाकरला तर विचार करा. सांबर ओरडला की मी ड्रायव्हरला थांब म्हणतो, तो सहसा खोटं बोलत नाही. आजकालचे पाहुणे पहिल्या वीस मिनिटांत वाघ नाही दिसला की "गाईडला काही येत नाही" म्हणते. हरीण, रानकुत्रे, नवरंग, गवे, काहीच नको राहते त्यांना.

आणि "पुढे घे, आडवी लाव" म्हणू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडून जिप्स्यांनी अडवली, त्याचा व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई गाईड-ड्रायव्हरवर होते. मागून खांद्यावर टपली मारून पुढे घे म्हणणारा पाहुणा घरी जाऊन फोटो टाकते.

फ्रेमवाला | १५ डिसेंबर, दुपारी १:१०

मोहर्ली, दंडवत. हे सगळं एका वेगळ्या धाग्यात लिहा, प्लीज.

परदेशी_पाहुणा | १५ डिसेंबर, रात्री ११:५०

खंड्याकाकांच्या गाडीच्या मुद्द्याला पुष्टी. मी उत्तर कॅलिफोर्नियात असतो. सॅक्रामेंटोच्या वर सरकारी पक्षी-अभयारण्य आहे, हिवाळ्यात लाखोंनी बदकं आणि पांढरे हंस उतरतात. आत गाडीने फिरायची एकेरी वाट आहे आणि ठरवून दिलेल्या थांब्यांखेरीज गाडीतून उतरायलाच मनाई आहे. पक्षी इतके निर्धास्त की पंधरा फुटांवर चरत असतात. आपल्याकडे तलावाकाठी पहिलं काम म्हणजे दार धाडकन आपटून उतरणं.

माळावरचा_मास्तर | १९ डिसेंबर, रात्री ८:४०

सल्ला विचारायचा आहे. शाळेतला एक सहकारी म्हणतो, खोकडाचं बीळ दाखवतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं बाहेर येतात, दुसरीकडचे लोक त्यासाठी पैसे मोजतात. जाऊ का?

धनगराचा_पोर | १९ डिसेंबर, रात्री ८:५५

न्हाई.

जुना_खंड्या | १९ डिसेंबर, रात्री ९:२०

पोराशी सहमत, कारण सांगतो. बिळापाशी गर्दी झाली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. हलवताना ती उघड्यावर असतात, कुत्री टपलेली असतात. माळावर आता भटकी कुत्री किती आहेत ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुम्ही एकटे जाल, लांबून काढाल, काही बिघडणार नाही. पण फोटो ग्रुपवर पडेल, "लोकेशन?" असा मेसेज येईल, आणि पुढच्या रविवारी तिथे बारा गाड्या.

पक्ष्यांच्या घरट्यांनाही हेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विचलित करणंही येतं. बंदूक लागत नाही. स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्यासमोरच्या फांद्या 'फ्रेम मोकळी व्हावी' म्हणून छाटलेल्या मी पाहिल्या आहेत. फांदी गेली की घरट्यावर ऊन येतं आणि कावळ्याची नजरही. फोटो झकास आला होता, पुढचं कोणी बघायला गेलं नाही.

घुबडांची, पिंगळ्यांची, बिळांची जागा लिहायची नाही. फोटोतली जीपीएस माहिती काढून टाका. ईबर्ड ही पक्षी-नोंदींची वेबसाइटसुद्धा काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं आपणहून लपवते.

फ्रेमवाला | १९ डिसेंबर, रात्री १०:०५

थोडं दुसऱ्या बाजूनेही. अवघड जागी उत्तम फोटो काढताच येत नाही असं नाही, फक्त माणसाने तिथे नसावं. नयन खानोलकरांचा आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो आठवा, वारली वस्तीच्या गल्लीतून निघालेला. २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत अर्बन विभागात पहिला आला. कॅमेरा-ट्रॅपने काढलेला, म्हणजे कॅमेरा लावून माणूस बाजूला. त्यात बिबट्याइतकीच ती वस्ती आणि तिची सोबत राहायची सवय दिसते. मास्तर, तुमच्या माळावर मेंढरं, धनगर आणि मागे लांडगा एका फ्रेममध्ये मिळाला, तर तो नुसत्या लांडग्याच्या तोंडापेक्षा मला जास्त आवडेल. त्याला २०० मिमीही पुरेल.

माळावरचा_मास्तर | १९ डिसेंबर, रात्री १०:३०

ठरलं. बीळ रद्द. सहकारी जरा नाराज होईल, चहा पाजतो.

माळावरचा_मास्तर | ११ जानेवारी, रात्री ९:००

कॅमेरा आला! वापरलेली ७डी मार्क २ आणि सिग्मा १५०-६००. टॉर्च मारून बघितली, स्वच्छ. दुर्बीणही घेतली (खंड्याकाका, ऐकलं तुमचं). आता सगळेच फोटो हललेले येताहेत. पांढरे बगळे तर चुन्याने सारवल्यासारखे. मदत!

फ्रेमवाला | ११ जानेवारी, रात्री ९:४५

अभिनंदन! कॅमेरा 'एम' (मॅन्युअल) वर टाका, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ऑटोवर. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) लेन्स देईल तितकं मोठं, ६०० ला सिग्माचं ६.३ असतं. शटर बसलेल्या पक्ष्याला १/८०० सेकंदाच्या आसपास, उडत्याला १/२००० च्या खाली येऊ नका. आयएसओ ३२०० झाला म्हणून घाबरायचं नाही. फोटोत येणारे दाणे नंतर सॉफ्टवेअरने जातात, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही.

बगळ्यांचं असं, कॅमेरा आजूबाजूचं गडद पाणी बघून सगळी फ्रेम उजळायला जातो आणि पांढऱ्या पिसांतले बारकावे जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे २/३ ते उणे १ करा. उलट, फिक्या आभाळावर भोवत्या असेल तर अधिक १, नाहीतर नुसती काळी सावली येईल. एम मध्ये ऑटो आयएसओ ठेवूनही हे ७डी मार्क २ वर करता येतं, मेनूत एका बटणाला नेमून द्यावं लागतं.

गवतात फोकस पुढच्या काडीवर बसत असणार. फोकसचे सगळे पॉइंट चालू ठेवू नका, मधला एकच ठेवा आणि तो डोळ्यावर. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. ती सुधारायला डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला क्लिष्ट वाटेल.

माळावरचा_मास्तर | २५ जानेवारी, रात्री ८:१०

बगळे सुधारले. आज घरच्यांना घेऊन भिगवणला जाऊन आलो, कुंभारगावातून नाव केली. रोहित (फ्लेमिंगो) भरपूर. पट्टकदंबही दिसले, हिमालय ओलांडून येतात म्हणे. नावाडी चांगला होता, पण मध्येच म्हणाला, "साहेब, उडवू का? पंख उघडले की गुलाबी रंग दिसतो." मी नको म्हणालो. शेजारच्या नावेतल्यांनी हो म्हटलं आणि सगळा थवा गेला. आमच्या धाकटीने रडून गोंधळ घातला.

जुना_खंड्या | २५ जानेवारी, रात्री ८:५०

नावाड्याला दोष देत नाही मी. पंख उघडलेल्या फोटोवर बक्षिशी मिळते हे त्याला आपणच शिकवलं. उजनी धरणात त्याच्या मागच्या पिढीची जमीन गेली, मासेमारी पाण्याच्या पातळीवर, आता हिवाळ्याचे चार महिने हा धंदा. नावेत बसतानाच सांगायचं, "उडवायचे नाहीत, थांबायचं, आणि त्याचे शंभर जास्त देतो." मी तेच करतो. नाव पन्नास-साठ फूट लांब थांबवून इंजिन बंद केलं की रोहित स्वतःच खात खात पुढे येतात. चोच उलटी पाण्यात घालून गाळताना डोळा पाण्याच्या रेषेवर येतो, तो फोटो बघा काढून. त्यासाठी नावेच्या काठावर हात टेकवून लेन्स पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, पट्टा मनगटाला गुंडाळून.

फेब्रुवारी अखेरपर्यंत संध्याकाळी तुमच्याच भागात ज्वारीच्या रानांवर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे बघायला विसरू नका. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी. त्याला लेन्स नकोच, मोबाइल काढा.

शंकासूर | २५ जानेवारी, रात्री ९:०५

शेवटी माझ्या बजेटात काहीतरी आलं.

माळावरचा_मास्तर | ८ मार्च, सकाळी १०:४०

आज सकाळी वाटेवरून, गाडीतूनच काढला. फोटो जोडला आहे. धाविक बरोबर ना? पोरं म्हणतात धाविक, मला खात्री नाही. डोक्यावर काळी टोपी, पाय पिवळे.

जुना_खंड्या | ८ मार्च, सकाळी ११:१५

फोटो छान, डोळा टिपलात. पण धाविक नव्हे. धाविकाची टोपी तांबूस, डोळ्यावरून जाडी पांढरी पट्टी मागे जाते आणि पाय पांढुरके. काळी टोपी, पिवळे पाय आणि चोचीच्या बुडाशी लोंबणारी पिवळी कातडी म्हणजे माळटिटवी. पोरांना दोघांची चित्रं शेजारी शेजारी काढायला लावा.

ओरडत गाडीभोवती घिरट्या घालत होती का?

माळावरचा_मास्तर | ८ मार्च, सकाळी ११:२२

हो, चांगलीच. म्हणून तर एवढी जवळ मिळाली.

धनगराचा_पोर | ८ मार्च, सकाळी ११:३०

सर, मग तिथं अंडी हायेत. गाडी वळवताना वाट सोडू नका, सरळ पुढं जाऊन फाट्यावरनं वळा. तो तुकडा जूनपातुर सोडा.